शून्य नोंदींचे चार महिने
रुग्णालयाच्या गुणवत्ता विभागात नव्याने रुजू होणाऱ्या परिचारिकांसाठी हे लिहीत आहे. नियर मिस, म्हणजे रुग्णापर्यंत पोहोचण्याआधीच टळलेली चूक, ही व्याख्या तुम्हाला पाठ असेल. ती मलाही पाठ होती आणि तरीही हाती आलेल्या पहिल्याच नोंदीची मी माती केली.

गोव्यातील एका खासगी रुग्णालयात नऊ वर्षे वॉर्डमध्ये काढल्यावर मी या कामावर आले. चवथीचे, म्हणजे गणेशोत्सवाचे दिवस होते. निम्मा स्टाफ रजेवर आणि उरलेल्यांची डबल ड्युटी. एका रात्री एका रुग्णाचे इन्सुलिन पेन बिघडले, म्हणून परिचारिकेने पेनच्या कार्ट्रिजमधूनच औषध सिरिंजमध्ये ओढले. कार्ट्रिजमध्ये दर मिलिलिटरला १०० युनिट असतात, पण हाताशी आलेली लाल टोपीची सिरिंज दर मिलिलिटरला ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी होती. तिने १२ च्या खुणेपर्यंत ओढले, तेव्हा आत प्रत्यक्षात ३० युनिट आले होते. टोचण्यापूर्वी तिने नियमाप्रमाणे सहकारी परिचारिकेला दाखवले, त्या दुसरीचे लक्ष टोपीच्या रंगाकडे गेले आणि चूक तिथेच थांबली. सकाळी त्या पहिल्या परिचारिकेने स्वतःहून फॉर्म भरून माझ्या टेबलावर आणून ठेवला.

मी काय केले, तर थेट वॉर्डमध्ये गेले आणि हँडओव्हर चालू असताना सर्वांसमोर विचारले, "हे कोणाच्या हातून झाले?" फॉर्ममध्ये ‘जबाबदार कर्मचाऱ्याचे नाव’ असा रकाना होताच, तो भरलेला फॉर्म मी वर पाठवला आणि तिसऱ्या दिवशी तिला मेमो मिळाला. तिने माझ्यासमोर सही केली, आपल्या प्रतीची चार पदरी घडी घालून ती युनिफॉर्मच्या खिशात ठेवली आणि एक शब्दही न बोलता निघून गेली.

त्यानंतर चार महिने एकही नोंद आली नाही. समितीच्या बैठकीत तो शून्याचा आकडा मी अभिमानाने मांडला, आणि हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते. पाचव्या महिन्यात दुसऱ्या वॉर्डमध्ये अगदी तीच चूक झाली आणि या वेळी ती रुग्णापर्यंत पोहोचली. घामाने डबडबलेल्या, असंबद्ध बोलणाऱ्या त्या रुग्णाला ग्लुकोज देऊन वाचवता आले. चौकशीत आणखी तिघींनी सांगितले की त्यांनीही ही चूक होता होता पकडली होती, पण लिहिली नव्हती. कारण विचारले तेव्हा एकीने शांतपणे उत्तर दिले, "बरयल्यार मेमो मेळटा, बरयना जाल्यार कांयच ना." म्हणजे, लिहिले तर मेमो मिळतो, नाही लिहिले तर काहीच होत नाही.

म्हणून पुन्हा पुन्हा सांगते: जिथे दिवसाला शेकडो डोस दिले जातात, तिथे शून्य नोंदी म्हणजे चुका होत नाहीत असे नसून त्या तुमच्यापासून लपवल्या जात आहेत, असा अर्थ घ्या. ‘कोणी?’ हा प्रश्न तुमच्या तोंडून एकदा जरी निघाला, तरी तो संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर पोहोचतो. मी त्या दिवशी ‘दोन प्रकारच्या सिरिंजा एकाच ट्रेमध्ये का होत्या?’ आणि ‘पेन बिघडल्यास रात्री दुसरे कुठून मिळते?’ एवढे विचारले असते, तर तो दुसरा रुग्ण त्या अवस्थेला गेला नसता.

विमान वाहतुकीने हे फार आधी ओळखले. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिकांच्या अशा नोंदी दंड करणाऱ्या नियामक संस्थेकडे न जाता नासाकडे जातात, तिथे त्यातील नावे काढून टाकली जातात, आणि घटनेनंतर १० दिवसांत कळवणाऱ्याला अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल सहसा दंड होत नाही. हेतुपुरस्सर केलेले कृत्य, गुन्हा किंवा प्रत्यक्ष अपघात यांना ही सवलत नाही, आणि आपणही ती मर्यादा पाळली पाहिजे. पिऊन ड्युटीवर येणे हा नियर मिस नव्हे.

आम्ही फॉर्ममधला नावाचा रकाना काढला, तो एका पानाचा केला आणि कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी, ज्याला जे जमेल त्यात लिहू दिले. वॉर्डबॉय आणि सफाई कामगार यांनाही सांगू द्या. ओला जिना किंवा चुकीच्या खाटेला लावलेला चार्ट सर्वांत आधी त्यांनाच दिसतो. नोंद आल्यावर आठवडाभरात काहीतरी बदललेले दिसले पाहिजे, मग ते सिरिंजांचे दोन वेगळे खण का असेनात.

रुग्णालयांना गुणवत्तेचे मानांकन देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या तपासणीआधी रात्र जागून मागच्या तारखांचे फॉर्म भरून घेण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी अनुभवी माणूस नक्की देईल. तो ऐकू नका. बाहेरून येणाऱ्या सल्लागारांपेक्षा वीस वर्षे रात्रपाळी केलेली सिस्टर इन-चार्ज या कामात अधिक चांगली गुरू ठरते, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवातीला दोन-तीन महिने कोणी काही लिहिले नाही, तर खचू नका. विश्वास बसायला वेळ लागतो. आणि माझ्यासारखी चूक आधीच झाली असेल, तर त्या व्यक्तीकडे स्वतः जा. मी गेले, तेव्हा तिने माफीचे शब्द ऐकून घेतले आणि नवा फॉर्म मागितला. तो उलटसुलट करून तिने नावाचा रकाना शोधला, आणि मग वॉर्डसाठी दहा प्रती मागून घेतल्या.