ढाब्यावर माणसं टिकत नाहीत? आधी या चुका टाळा

हायवेला नवा ढाबा सुरू झाला की तीन-चार महिन्यांत मालकाचा फोन येतोच, "भाऊ, एखादा वस्ताद असन त सांगा न." आधीचा वस्ताद, म्हणजे मुख्य आचारी, का गेला? "आजकालचे पोट्टे टिकतच नाही." पोट्ट्यांना नावं ठेवण्याआधी स्वतःचा गल्ला तपासा.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे माणूस पळू नये म्हणून पंधरा दिवसांचा पगार दाबून ठेवणं. माझ्या ढाब्यावर मीही ती केली. पोळ्याच्या दोन दिवस आधी वस्तादाने सुट्टी मागितली. घरी बैलजोडी, म्हातारा बाप एकटा. मी म्हटलं, "गेलास तर मागचे पैसे विसर." तो काही बोलला नाही. हातातलं फडकं धुतलं, पिळून दोरीवर टाकलं आणि निघाला. त्याच्या गावचे दोन वेटरही त्याच रात्री गेले. उद्या आपल्यालाही हेच ऐकावं लागणार, हे त्यांना कळलं होतं. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भट्टीपुढे मी एकटा, आणि पाटोडी-रस्श्याची वाट पाहून गिऱ्हाईक उठून जात होतं. आठवड्याने त्याच्या घरी जाऊन पैसे दिले. त्याने चहा पाजला, पण परत आला नाही.

आता ७ तारखेला पूर्ण पगार. पोळ्याला, दिवाळीला कोण कधी जाणार, ते महिनाभर आधी भटारखान्यातल्या कॅलेंडरवर लिहितो.

दुसरी गोष्ट तंदूरची. मे महिन्यात आपल्याकडे विदर्भात पारा ४५ च्या वर जातो. मालक कूलरसमोर आणि तंदूरवाला सलग चार तास आगीपुढे, हे पाहून मला संताप येतो. तासाभराने माणूस बदला. एक्झॉस्ट पंखा लावाच. शेजारी माठ आणि मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी ठेवा. माणूस बरळायला लागला तर थांबू नका; अंगावर ओलं फडकं टाकून थेट दवाखाना गाठा.

फुटलेल्या ग्लासाचे पैसे कापू नका. रात्रीची उरलेली भाजी सकाळी स्टाफच्या ताटात नको. नव्या पोऱ्याला पहिल्याच रविवारी आठ टेबलं देऊ नका. १४ वर्षांखालचं लेकरू कामाला ठेवूच नका, ढाब्यांवर ही बंदी ऑक्टोबर २००६ पासून आहे. जास्त उचल देऊन दुसऱ्याचा वस्ताद फोडण्याची घाई नवे मालक फार करतात. तो पुढच्या मोठ्या उचलीला तुम्हालाही सोडतो.

आठवड्याला सलग २४ तासांची सुट्टी २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात लिहिलेली आहे. तुमच्याकडे माणसं मोजकीच असली तरी द्या. माझ्याकडे मंगळवारी वस्ताद नसतो. त्या दिवशी बाया झुणका-भाकर आणि वांग्याचं भरीत करतात, तेवढंच मिळतं.