सकाळी रपेट, संध्याकाळी लावणी: अशी सुट्टी आखताना या चुका टाळा

आठवडाभर रजा काढायची, सकाळी घोडेस्वारी शिकायची आणि संध्याकाळी लावणी किंवा कथक. ही कल्पना मला फार आवडते, आणि त्यासाठी पुण्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. तळेगाव, मुळशी, वाघोलीच्या बाजूला रायडिंग स्कूल्स आहेत. रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली इथे 'नृत्यभारती' सुरू केली, तेव्हापासून कथक या शहरात घट्ट रुजलंय. लावणीसाठी आर्यभूषण थिएटर शहरातच आहे, आणि सोलापूर रस्त्यावर चौफुल्याला संगीत बारीची, म्हणजे कलावंतांनी छोट्या बैठकीत सादर केलेल्या लावणीची, कला केंद्रं आहेत.

तरीही अशा सुट्ट्या फसतात, आणि बहुतेकदा एकाच कारणाने. रायडिंगचं वेळापत्रक वेगळं ठरतं, नाचाचं वेगळं, आणि दोन्हीकडच्या शिक्षकांना एकमेकांचा पत्ताच नसतो. पाय मात्र दोन्हीकडे तेच जातात.

तिसरा दिवस विसरणं

सगळ्यात मोठी चूक ही, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

घोड्यावर बसलं की सर पहिल्या मिनिटापासून 'हील्स डाउन' म्हणून ओरडत असतात. टाच खाली, पोटरी ताणलेली, मांडीची आतली बाजू खोगिराला टेकलेली, कंबर मोकळी पण पाठ ताठ. मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू आपण रोजच्या जगण्यात असे कधी वापरतच नाही. संध्याकाळी त्याच पोटऱ्या घेऊन तुम्ही तत्कार, म्हणजे कथकातला पायांचा मूळ ठेका, करायला उभे राहता: पूर्ण तळवा जमिनीवर, खणखणीत, शेकडो वेळा. पहिल्या दिवशी काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी थोडं अंग आंबतं. नव्या व्यायामाने दुखावलेले स्नायू साधारण २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त दुखतात, त्यामुळे तिसऱ्या सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. नेमका याच दिवशी लोकांनी रायडिंगचा दीड तास आणि नाचाचे दोन तास ठेवलेले असतात. मग कुणी तरी रडकुंडीला येतं, 'मला हे जमणारच नाही' म्हणतं आणि उरलेले दिवस लक्ष्मी रोडवर खरेदीत जातात.

यावर उपाय सोपा आहे. तिसरा दिवस पायांचा ठेवूच नका. त्या दिवशी बैठकीची लावणी शिका. फडाच्या लावणीत नाच असतो, पण बैठकीच्या लावणीत कलावंत बसून गाते आणि गाता गाता अदा करते. एकच ओळ चार वेळा, चार वेगळ्या भावांनी. मान, डोळे, भुवया, मनगट, पदराचं टोक, एवढ्यावर सगळं उभं राहतं. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, आणि अदाकारीच्या लावणीचा विषय निघाला की त्यांचं नाव आदराने घेतलं जातं. या अंगाची तोंडओळख न होता कुणी 'आठवड्यात लावणी शिकलो' म्हटलं तर मला वाईट वाटतं. कथक शिकत असाल तर त्यातही बसून ठुमरीवर भाव करायची रीत आहे. ताईंना आधीच सांगून ठेवलं तर त्या आनंदाने तो दिवस तसा आखतात.

त्याच सकाळी घोड्यावर बसण्याऐवजी खरारा करा, म्हणजे घोड्याचं अंग घासून साफ करा. रबरी खरारा मानेपासून मागे गोल गोल फिरवत न्यायचा, म्हणजे धूळ आणि सुटलेले केस वर येतात. हाडं वर दिसतात त्या गुडघ्याखालच्या भागावर आणि तोंडावर तो वापरायचा नाही. मग ब्रश, केसांच्या दिशेने. मग खूर: पाय उचलून घ्यायचा आणि अडकलेली माती हूफपिकने (खूर साफ करायच्या आकडीने) टाचेकडून पुढच्या टोकाकडे काढायची, मधला मऊ त्रिकोण सांभाळून. सईसदादांबरोबर (घोड्यांची देखभाल करणाऱ्यांबरोबर) हे अर्धा तास केलंत की घोडा तुमचा वास ओळखू लागतो आणि तुमची भीड निम्मी होते.

आणखी एक. भरतनाट्यम मला प्रिय आहे, पण रायडिंगच्या जोडीला नवशिक्याने ते घेऊ नये असं माझं मत आहे. अरमंडीत गुडघे बाहेर वळवून अर्धं बसावं लागतं. रायडिंगने ताठरलेल्या मांड्या त्याला साथ देत नाहीत आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो.

'टेबललँडवर बसलोय की मी घोड्यावर'

पाचगणी, महाबळेश्वर किंवा माथेरानला घोडेवाल्याने लगाम धरून फिरवून आणणं वेगळं आणि शिकणं वेगळं. ते अनुभव गाठीशी असले तरी स्वतःला नवशिकेच समजा. घोडा स्वतःच्या हातात येतो तेव्हा पहिले दोन-तीन दिवस साध्या चालीत आणि लांब दोरीवर गोल फिरण्यात जातात. तेच बरोबर आहे. पहिल्याच दिवशी घोडा चौखूर सोडायला देणाऱ्या जागेपासून लांब राहा. रेसकोर्सवर पावसाळ्यात शर्यती बघायला जरूर जा, पण शर्यतीसाठी तयार होणाऱ्या घोड्यावर कुणी शिकत नसतं. शिकायला शांत, वयस्क घोडा हवा.

वजनाचं लपवू नका. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण वीस टक्क्यांच्या आत असावं, असा संकेत बऱ्याच ठिकाणी पाळला जातो. साडेचारशे किलोच्या घोड्यावर म्हणजे नव्वद किलो, खोगिरासकट. खरा आकडा सांगितलात तर योग्य घोडा मिळतो. लपवलात तर त्रास त्या मुक्या जनावराला.

कपड्यांची गफलत

पुण्यात प्रत्येकाकडे स्कूटरचं हेल्मेट असतं आणि हमखास कुणी तरी तेच घेऊन येतं. ते जड असतं आणि मान वळवून आजूबाजूला बघायला अडचण होते. रायडिंगचं हेल्मेट वेगळं असतं. तेच वापरा, आणि हनुवटीखालचा पट्टा बांधा. तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ, फडफडणारी ओढणी, मोकळे केस तबेल्याबाहेर ठेवा. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण थेट शेपटीमागचं आणि नाकासमोरचं दिसत नाही. कडेला अचानक काही फडफडलं की तो बिचकतो. म्हणूनच त्याच्याकडे जाताना खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचं.

जीन्सची आतली शिवण मांडी सोलून काढते. ताणली जाणारी, शिवण नसलेली पँट घाला आणि आधी व्हॅसलिन लावा. बूट छोट्या टाचेचे हवेत, अर्धा-एक इंच पुरे. सपाट तळाचा बूट रिकिबीतून आरपार जाऊ शकतो, आणि पडताना पाय तिथे अडकणं हा घोडेस्वारीतला सगळ्यात वाईट प्रसंग. स्पोर्ट्स शूजचे खोल खाचांचे तळ रिकिबीत अडकतात, म्हणून तेही नकोत.

इथे नाच आणि घोडा पुन्हा एकमेकांच्या आड येतात. बूट घोट्यावर जिथे घासतो, बरोबर तिथेच संध्याकाळी चाळ बांधायचे असतात. घासलेल्या कातडीवर घुंगरांचा दाब बसला की दोन दिवसांत जखम. त्यामुळे रायडिंगला गुडघ्यापर्यंतचे मोजे घाला आणि चाळाखाली सुती कापडाची पट्टी गुंडाळा. सुरुवातीला एका पायात पन्नासेक घुंगरं भरपूर झाली. शंभर-दीडशेंचा जड चाळ बघून मोह होतो, पण त्याने फक्त नडगी दुखते. आणि घुंगरांची पिशवी तबेल्यात नेऊ नका.

नऊवारीचं म्हणाल, तर सरावाला सलवार-कुर्ता आणि कमरेला घट्ट बांधलेली ओढणी पुरते. तुळशीबागेतून पहिल्याच दिवशी शिवलेली नऊवारी आणण्याची घाई करू नका. शेवटच्या दिवशी नेसा, ताईंकडून नेसवून घ्या.

अंतराचा अंदाज चुकणं

तळेगावहून डेक्कनला यायला नकाशावर पस्तीसेक किलोमीटर दिसतात. संध्याकाळी वाकड आणि चांदणी चौक पार करताना त्याचे दोन तास सहज होतात. मुक्काम शहरात ठेवलात तर सकाळी साडेपाचला निघावं लागेल आणि रात्रीचा कार्यक्रम बघून झोपायला बारा. असं दोन दिवसांच्या वर कुणाच्याच अंगाला झेपत नाही. दोन्हींपैकी एकाच्या शेजारी राहा, शक्यतो घोड्याच्या, कारण सकाळ चुकवता येत नाही. तळेगावला लोणावळा लोकल थांबते, शहरात नाचाला येण्यासाठी ती गाडीपेक्षा बरी. चौफुला साठेक किलोमीटरवर आहे. तिथली बैठक बघायची तर दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी सोडा.

महिना निवडताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत उत्तम. फक्त डिसेंबरच्या गार सकाळी घोडे अंगात आल्यासारखे उसळतात, तेव्हा सर म्हणतील तितका वेळ चालवा, मगच दुडकी (ट्रॉट). आषाढीच्या आधी पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, तेव्हा रस्ते बंद असतात. गणपतीच्या आधी कित्येक आठवडे संध्याकाळी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो आणि खुद्द उत्सवात बरेच क्लास बंद असतात. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते म्हणून सगळे तेव्हाच येतात. यायचंच असेल तर सकाळी आठनंतर उन्हात घोड्यावर बसू नका.

अडलं तर काय बघायचं

दुडकीत आपटायला होतंय? बहुतेक वेळा तुम्ही श्वास रोखलेला असतो, गुडघ्यांनी खोगीर आवळलेलं असतं आणि नजर घोड्याच्या मानेवर असते. मोठ्याने मोजा. दुडकी दोन ठोक्यांची असते: पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम पडतो, मग दुसरी जोडी. एका ठोक्याला उठायचं, दुसऱ्याला बसायचं. मोजताना श्वास आपोआप सुटतो. साधी चाल चार ठोक्यांची, दुडकीहून वेगाचा कँटर तीनचा. आदल्या संध्याकाळी ढोलकीच्या ठेक्यावर टाळी धरायचा सराव केलेल्या माणसाला हे लवकर सापडतं, कारण कान तयार असतो.

खोगीर एका बाजूला सरकतंय? तंग, म्हणजे पोटाखालून बांधायचा खोगिराचा पट्टा, सैल आहे. बांधताना कित्येक घोडे पोट फुगवून उभे राहतात आणि चार पावलं चालले की हवा सोडतात. म्हणून बसण्याआधी एकदा आणि पाच मिनिटं चालवून पुन्हा एकदा तंग तपासून घ्यायचा. सर विसरले तर तुम्ही आठवण करा, त्यात संकोच कसला?

तत्काराने नडगी दुखतेय? आधी जमीन बघा. सिमेंटवर बसवलेल्या फरशीवर रोज पाय मारणं नवशिक्याला सोसत नाही. लाकडी जमिनीचा क्लास मिळाला तर तो घ्या, नाहीतर जाड सतरंजी मागा आणि वेग निम्मा करा. 'ता थेई थेई तत, आ थेई थेई तत' हे ठाय (संथ) लयीत स्वच्छ येणं, दुगुणीत (दुप्पट वेगात) धडपडण्यापेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

कथकातल्या चक्करमध्ये (गिरक्यांमध्ये) गरगरतंय तर समोर एक खूण धरा आणि दर फेरीला नजर सगळ्यात शेवटी तिथून हलवून सगळ्यात आधी तिथे परत आणा. पाठीचं किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल, गर्भारपण असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय यातलं काहीच नको.

घोड्याला नाचवायला सांगू नका

वरातीतला नाचरा घोडा आपण सगळ्यांनी बघितलाय, घोडेबाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या सारंगखेड्याच्या यात्रेतलेही. त्यामुळे 'नाच आणि घोडा' म्हटलं की काहीजण व्हिडिओसाठी घोड्याकडून तसं करून घ्यायला सांगतात. शिकवण्याच्या घोड्याला हे सांगू नये. दोन्ही गोष्टी खरोखर एकत्र बघायच्या असतील तर कथकाच्या ताईंना घोड्याची चाल दाखवायला सांगा. पायांच्या बोलांतून टापांचा आवाज उभा करण्याची ही जुनी खासियत आहे. चार दिवस घोड्यावर बसून आल्यावर ती ऐकली की तुमचं तुम्हालाच कळतं, कुठली चाल चाललीय ते.

आणि लावणी शिकवणाऱ्या कलावंताच्या घरी गेलात तर आधी विचारल्याशिवाय मोबाइल काढू नका. पिढ्यान्‌पिढ्या ज्या बायकांनी ही कला सांभाळली, त्यांच्याकडे बघणाऱ्या नजरा नेहमीच चांगल्या नव्हत्या. 'बाई' म्हणून आदराने हाक मारा, ठरलेली बिदागी घासाघीस न करता द्या, आणि रीलसाठी तीस सेकंदांचा नाच बसवून मागू नका.

बुकिंगच्या फोनवर रायडिंगवाल्यांना विचारा: दिवसाला एक घोडा किती तास चालवता, हेल्मेट तुमच्याकडे आहेत का, पहिल्या दिवशी काय शिकवता. नृत्याच्या ताईंना विचारा: जमीन कसली आहे आणि तिसऱ्या दिवशी बसून काही शिकवाल का. विमा असेल तर त्यात घोडेस्वारी धरलीय का तेही बघा. मग दोघांचे नंबर एकमेकांना द्या.