जुन्या पीसीसाठी ओव्हरक्लॉकिंगचा मदरबोर्ड घेताय? या चुका टाळा

आय५-२५००के, आय७-२६००के हे इंटेलचे प्रोसेसर जानेवारी २०११ मध्ये आले आणि आजही बऱ्याच घरांत ठणठणीत चालू आहेत. आधी मान टाकतो तो बहुतेक वेळा बोर्ड. मग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चक्कर होते आणि बोर्ड येतो. प्रोसेसर ‘के’चा, म्हणजे वेग वाढवायला मोकळा ठेवलेला असल्यामुळे आता थोडं ओव्हरक्लॉक करून (ठरलेल्या वेगापेक्षा जोरात चालवून) बघू, असा विचारही सोबत येतो. फसगत सुरू होते ती इथेच.

“११५५चा बोर्ड द्या” एवढंच सांगणं

११५५ हे या प्रोसेसरच्या सॉकेटचं, म्हणजे बोर्डवर तो बसतो त्या जागेचं नाव. असं विचारलंत की दुकानदार बहुधा एच६१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डवरची मुख्य नियंत्रक चिप) कोराकरकरीत बोर्ड पुढे करतो. त्यात तो फसवत नाही. सॉकेट तेच आहे, प्रोसेसर बसेल, विंडोज चालेल. फक्त ओव्हरक्लॉकिंग होणार नाही. बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) मल्टिप्लायरचा पर्याय एकतर दिसणारच नाही, किंवा दिसला तरी टर्बोच्या, म्हणजे प्रोसेसर स्वतःहून गाठतो त्या कमाल वेगाच्या वर जाणार नाही.

या पिढीत प्रोसेसरचा वेग म्हणजे १०० मेगाहर्ट्झचा बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर. ४४ ठेवलात की ४.४ गिगाहर्ट्झ. प्रोसेसरवर ‘के’ लिहिलेलं असलं तरी हा आकडा वाढवण्याची मुभा चिपसेटने द्यावी लागते. पी६७, झेड६८, झेड७५ आणि झेड७७ ती देतात. एच६१, एच६७, एच७७, बी७५ आणि ऑफिसच्या मशीनमधले क्यू-वाले चिपसेट देत नाहीत.

मग बेस क्लॉकच वाढवला तर? इंटेलच्या जुन्या कोअर २ प्रोसेसरच्या जमान्यात एफएसबी (तेव्हाचा बेस क्लॉक) वाढवून साध्या बोर्डवरही लोकांनी भरपूर वेग काढला, आणि यूट्यूबवरचे काही व्हिडिओ अजून तेच शिकवतात. सँडी ब्रिजपासून (२५००के, २६००के यांची दुसरी पिढी) ही वाट बंद झाली. पीसीआय एक्सप्रेस, साटा, यूएसबी हे सगळं त्याच क्लॉकला बांधलेलं आहे. १०३-१०५ च्या पुढे गेलात की हार्डडिस्क मध्येच गायब होते किंवा फाइल खराब होतात. पाच टक्के वेगासाठी फोटोंचा फोल्डर पणाला लावू नका.

याच्या उलट चूकही होते. प्रोसेसर साधा आय५-२४०० आणि त्याच्यासाठी महागाचा झेड७७ घेतला. या बिगर-के प्रोसेसरवर टर्बोच्या वर फक्त चार पायऱ्या मिळतात, म्हणजे जास्तीत जास्त ३.८ गिगाहर्ट्झ. त्यापेक्षा त्या पैशांत एसएसडी घ्या.

आणखी एक: पी६७ बोर्डला डिस्प्ले आउटपुटच नसतो. ग्राफिक्स कार्ड न लावता बोर्ड चालू केला, डिस्प्ले आला नाही, म्हणून चांगला बोर्ड परत करणारे लोक आहेत.

व्हीआरएमकडे न बघता घेणं

चिपसेट बरोबर निघाला की लोक निर्धास्त होतात. माझ्या मते खरी निवड तिथून पुढे सुरू होते, कारण झेड७७ मध्येही अगदी काटकसरीने बनवलेले बोर्ड होते.

हिशोब करून बघा. प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. २५००के चारही कोअरवर मूळचा ३.४ ला चालतो. समजा १.२ व्होल्टवर चालणारा हा प्रोसेसर तुम्ही १.३ व्होल्ट देऊन ४.४ ला नेला. वेग वाढला सुमारे २९ टक्के, वीज मात्र जवळपास दीडपट झाली. ९५ वॉटचे १४० झाले, आणि १.३ व्होल्टला १४० वॉट म्हणजे शंभर अँपिअरच्या वर करंट. एसएमपीएसकडून येणारे १२ व्होल्ट खाली आणून हा करंट पुरवायचं काम सॉकेटशेजारचे मॉस्फेट आणि चोक करतात. यालाच व्हीआरएम म्हणतात.

बोर्ड हातात घेतलात की आधी सॉकेटच्या डावीकडे आणि वर बघा. मॉस्फेट उघडे असतील आणि प्रोसेसर पॉवरचा सॉकेट ४ पिनचा असेल, तर तो बोर्ड ओव्हरक्लॉकिंगसाठी घेऊ नका. ८ पिन हवेत, मॉस्फेटवर हीटसिंक हवी, आणि तीही स्क्रूने बसवलेली असेल तर उत्तम. हीटसिंक हलकेच हलवून बघा. दहा-बारा वर्षांत खालचा थर्मल पॅड वाळून कडक होतो आणि हीटसिंक नुसतीच वर बसलेली राहते. हे स्वस्तात सुटतं; नवा पॅड लावायला पंधरा मिनिटं लागतात. खोक्यावर छापलेल्या फेजच्या (मॉस्फेट-चोकच्या गटांच्या) आकड्याला फार भुलू नका, कारण एकाच सिग्नलचे दोन करणारा डबलर लावूनही फेज दुप्पट दाखवता येतात.

व्हीआरएम कमी पडतोय हे ओळखायचं कसं? सीपीयू-झेड (प्रोसेसरचा वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा आणि प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारं सॉफ्टवेअर) चालू करा. सुरुवातीला मल्टिप्लायर ४४ दिसतो. काही मिनिटांनी तो धाडकन १६ वर येतो, पुन्हा ४४ होतो, पुन्हा १६. प्रोसेसरचं तापमान मात्र ६५-७० अंशच. अशा वेळी पुन्हा पुन्हा थर्मल पेस्ट बदलून काही होत नाही, तापलाय तो व्हीआरएम. त्यावर थेट वारा येईल असा एक छोटा पंखा बांधून बघा; घसरण थांबली तर निदान पक्कं.

बायोसमधली पॉवर लिमिटही (प्रोसेसरने किती वीज घ्यावी याची मर्यादा) अशीच लक्षणं दाखवते, पण तिथे मल्टिप्लायर साधारण एका आकड्यावर स्थिरावतो. लिमिट वाढवली की प्रश्न मिटतो.

जुन्या बोर्डवर लिक्विड कूलर चढवणाऱ्यांनी हे खास ध्यानात घ्यावं. प्रोसेसरसोबत येणारा साधा कूलर खाली वारा मारतो, तो व्हीआरएमलाही लागतो. लिक्विड कूलर लावला की तो वारा गेला. नागपूर-अकोल्यात मे महिन्यात खोलीतलीच हवा ४० अंशांच्या आसपास असते, तिथे तर हा पंखा हवाच.

सेकंडहँड बोर्ड वरवर बघून घेणं

या चिपसेटचा चांगला बोर्ड आता सेकंडहँडच घ्यावा लागतो. त्यात कमीपणा काही नाही, पण तपासणी सॉकेटपासून सुरू करा. पिना प्रोसेसरला नाहीत, बोर्डला आहेत, ११५५. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. सगळ्या पिनांची टोकं ओळीने सारखी चमकली पाहिजेत. एखाद्या ओळीत मधेच काळा ठिपका दिसला तर तिथली पिन वाकलेली आहे. अशा बोर्डवर पीसी कधीकधी व्यवस्थित सुरू होतो, विंडोजपर्यंत जातो, फक्त ८ आणि ८ जीबी रॅम लावूनही ८ च दिसते. म्हणून दुकानातच चारही स्लॉटमध्ये रॅम लावून बघा. “चालू आहे ना, मग झालं” यावर जाऊ नका. चेकिंगसाठी सात दिवस मागून घ्या आणि ते बिलावर लिहून घ्या.

फुगलेले कपॅसिटर सगळेच बघतात, त्यावर वेगळं सांगत नाही.

पी६७ घेत असाल तर बी३ स्टेपिंगचाच, म्हणजे चिपसेटच्या सुधारित आवृत्तीचाच घ्या. या मालिकेच्या पहिल्या चिपसेटमध्ये दोष होता: ३ गिगाबिटचे साटा पोर्ट काळानुसार कमजोर पडत. इंटेलने ३१ जानेवारी २०११ रोजी तो जाहीर करून माल परत मागवला. सुधारित बोर्डांच्या खोक्यावर बऱ्याच कंपन्यांनी ‘बी३’ ठळक छापलं होतं. जुनाच बोर्ड गळ्यात पडला असेल, तर डिस्क ६ गिगाबिटच्या पोर्टला लावा. त्यांना हा दोष नाही.

प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा, म्हणजे ३५७०के किंवा ३७७०के असेल, तर पी६७ किंवा झेड६८ वर जुन्या बायोसमुळे डिस्प्ले येणार नाही. अपडेट करायला दुसऱ्या पिढीचा एखादा प्रोसेसर लावावा लागतो. तो आणायचा कुठून, हे बोर्ड घेण्याआधी ठरवा, नाहीतर दुकानदाराकडूनच अपडेट करून घ्या. सरळ झेड७७ मिळाला तर ही कटकटच नाही.

कूलरची मात्र चिंता नको. ११५५ची भोकं ११५०, ११५१ आणि १२०० शी जुळतात.

बोर्ड बसवल्यावर होणाऱ्या चुका

एका क्लिकमधलं ऑटो ओव्हरक्लॉकिंग वापरू नका. बोर्ड स्थिरतेच्या नावाखाली गरजेपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज देतो, ४.३ साठी १.४ व्होल्टही बघायला मिळतात. मल्टिप्लायर स्वतः एकेक पायरी वाढवा. १.३५ च्या वर रोजच्या वापरासाठी जाऊ नये असं माझं मत आहे.

निळा पडदा आला आणि त्यावर ०x१२४ किंवा ०x१०१ असेल, तर पहिला संशय कमी व्होल्टेजवर घ्या. निळा पडदा येत नाही, पण विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुका नोंदवणाऱ्या) इशाऱ्यांची रांग लागली आहे? तेही अस्थिरतेचंच लक्षण. गेम चालतोय म्हणून सोडून देऊ नका.

३७७०के ९० अंशांना टेकत असेल तर बोर्डला दोष देऊ नका. इंटेलने त्या पिढीत प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाखाली सोल्डरऐवजी पेस्ट वापरली होती. तिथे ४.३-४.४ वर समाधान माना.

दर वेळी सेटिंग उडत असेल आणि घड्याळ मागे जात असेल, तर नवा सीआर२०३२ सेल टाका. आणि रॅम १.६५ व्होल्टची असेल तर ती बदला. हे प्रोसेसर १.५ व्होल्टच्या डीडीआर३ साठी बनलेले आहेत.

एक तक्रार तेवढी लोकांना चक्रावते. पीसी दिवसभर उत्तम चालतो, स्लीपला टाकला की उठत नाही. पंखे फिरतात, पडदा काळा. बायोसमध्ये ‘इंटर्नल पीएलएल ओव्हरव्होल्टेज’ नावाची सेटिंग शोधा. ४.६-४.७ च्या वर जायला ती मदत करते, पण सँडी ब्रिजवर तिच्यामुळे स्लीपमधून परत येण्यात अडथळा होतो. तुम्ही ४.४ वर असाल तर तिची गरजच नाही. ती डिसेबल करा, सेव्ह करा आणि पीसी पुन्हा स्लीपला टाकून बघा.