आधी कोपऱ्याकडे बघा, मग वही उघडा

त्रिमितीतली त्रिकोणमिती शिकवायला घेतली की पहिली दहा मिनिटं मी शिकवणीतल्या मुलांना वही उघडू देत नाही. खराट्याचे चार हीर, थोडा दोरा आणि खोलीचा कोपरा एवढंच सामान. दहावीची टॉवरची गणितं बहुधा एकाच उभ्या प्रतलात मावतात, त्यामुळे कागदावर जसं दिसतं तसंच असतं. पुढे प्रवेश परीक्षांच्या गणितांत मात्र कागद फसवतो. काटकोन असतो तो तिरपा दिसतो आणि नसतो तिथे हमखास दिसतो.

हे नेहमीचं गणित घ्या. टॉवरच्या दक्षिणेला उभ्या माणसाला टोकाचा उन्नत कोन ४५°, पूर्वेला उभ्या माणसाला ३०°, दोघांमध्ये अंतर ६० मीटर. उंची किती? निम्मी मुलं दोघांना टॉवरच्या दोन अंगांना एका रेषेत उभं करतात, उंची ह धरून ह + ह√३ = ६० मांडतात आणि २२ मीटर काढून मोकळी होतात.

आता कोपरा बघा. दोन भिंती जुळतात ती उभी कड म्हणजे टॉवर. एका भिंतीच्या पायाशी एक माणूस, दुसरीच्या पायाशी दुसरा. दोन भिंतींवर दोन उभे त्रिकोण, फरशीवर एक आडवा. हे तिन्ही वहीत वेगवेगळे काढा, अगदी सपाट. उभ्या त्रिकोणांतून ह आणि ह√३ ही अंतरं मिळतात, ती आडव्या त्रिकोणात न्या: ह² + ३ह² = ३६००, म्हणून ह = ३० मीटर. √३ चे १.७३ करायची घाई करू नका. इथे वर्ग केला की मूळ आपोआप जातं.

दिशेच्या शब्दाखाली रेघ ओढा. फरशीवरचा काटकोन त्याच शब्दात आहे. 'पूर्वेला'ऐवजी 'ईशान्येला' असतं तर पायथ्याशी १३५° आले असते. मग पायथागोरस विसरा, कोसाइनचा नियम लावा.

पिरॅमिडमध्ये गोची वेगळी. गिझाचा मोठा पिरॅमिड घ्या: तळाची बाजू सुमारे २३० मीटर, मूळ उंची सुमारे १४७. तळाशी कोन किती, असं विचारलं तर मी उलट विचारते, कशाचा? तिरक्या पृष्ठभागाचा की कडेचा? शिखरातून ओळंबा सोडा, तो तळाच्या मध्यावर पडतो. तिथून बाजूच्या मध्यापर्यंत ११५ मीटर, कोपऱ्यापर्यंत सुमारे १६३. म्हणजे पृष्ठभागाचा कोन जवळजवळ ५२°, कडेचा ४२°. मुलं दोन्हीकडे ११५ च घालतात. समोरून चढण्यापेक्षा कडेने चढ कमी खडा असतो, एवढं लक्षात ठेवा. कडेचा कोन मोठा आला तर आकृतीत परत शिरा.