ब्लोअर दम टाकत असेल तर आधी सायलेन्सरची जाळी पाहावी
पालापाचोळा उडवणारा 2-स्ट्रोक पेट्रोल ब्लोअर सुरू होतो, पण रेस वाढवताच दम टाकतो, अशा वेळी कार्ब्युरेटरला हात घालण्याआधी सायलेन्सरच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी तपासावी. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर स्क्रू काढून ती बाहेर घ्यावी आणि उजेडासमोर धरावी. आरपार दिसत नसेल, तर ऑइलच्या काजळीने छिद्रे बुजल्यामुळे धूर कोंडून इंजिन गुदमरते आहे, असे समजावे. तारेच्या ब्रशने घासून जाळी पुन्हा बसवावी. ती कायमची काढून टाकण्याचा मोह अनेकांना होतो, पण तीच ठिणग्या अडवते आणि समोर सुकी पाने असतात. एवढ्याने भागले नाही, तर टाकीतले जुने, ओलावा ओढलेले इथेनॉलमिश्रित पेट्रोल बदलावे.