डार्विनचा नीतिविचार गावात कसा वाचावा

माणूस मुळात स्वार्थी की परोपकारी, हा वाद आमच्या भंडाऱ्याकडच्या गावांत तलावाचे पाणी सोडण्याच्या वेळी हमखास निघतो आणि नहराच्या टोकाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेते, कोरड्या राहिल्या की चिघळतो. याच प्रश्नाचा चार्ल्स डार्विन यांनी १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द डिसेंट ऑफ मॅन’ या ग्रंथात सविस्तर विचार केला आहे. तो गावातल्या मंडळींसोबत वाचायचा असेल, तर व्याख्यान देऊ नये. आधी लोकांच्या हातांना काही करायला द्यावे आणि मगच पुस्तक उघडावे, असे मी अनेक बैठकींनंतर शिकलो आहे.

बैठकीसाठी धानाची मळणी आटोपून लाखोळी, म्हणजे लाखेच्या डाळीचे पीक, शेतात उभी असते ते दिवस निवडावेत. बारा ते सोळा माणसे पुरतात. त्यांचे चार-चार जणांचे गट करावेत. एका घरातले दोघे एका गटात नसावेत. मालक आणि त्याच्याच बांधीत रोवणीला जाणारी मजूर बाई यांना तर मुळीच एकत्र बसवू नये, कारण ती मोकळेपणाने खेळू शकत नाही आणि मग आपण स्वभाव नव्हे, धाक मोजत बसतो.

प्रत्येकाला दहा चिंचोके द्यावेत. पैसे वापरू नयेत. मधोमध एक मडके ठेवावे आणि ज्याला जितके द्यावेसे वाटतील तितके चिंचोके त्याने मूठ झाकून त्यात टाकावेत. मडक्यात जमतील तितकेच आणखी चिंचोके आपण पदरचे घालावेत आणि एकूण बेरीज चौघांत सारखी वाटावी. चौघांनीही सगळे दिले तर प्रत्येकाकडे वीस होतात. तिघांनी सगळे दिले आणि एकाने काहीच दिले नाही, तर त्या तिघांना पंधरा-पंधरा मिळतात आणि न देणाऱ्याकडे पंचवीस जमतात. हा हिशेब खेळापूर्वीच फळ्यावर मांडावा. तो कळल्याशिवाय खेळलेली फेरी वाया जाते.

मडक्याच्या तळाशी घडी केलेले फडके घालायला विसरू नये. पहिल्या बैठकीत मी ते घातले नव्हते आणि चिंचोके पडण्याच्या आवाजावरून कोणी किती टाकले हे सगळ्यांना कळत होते. एक वयस्क बाई तर मूठ आत नेऊन एकेक चिंचोका सावकाश सोडत होती, दहाचे दहा आवाज बाहेर ऐकू जावेत म्हणून. ती फेरी मी नियम मोडला म्हणून रद्द केली. तिचे मोल मला नंतर कळले.

अशा पाच-सहा फेऱ्या खेळाव्यात. बहुधा सुरुवातीला लोक बऱ्यापैकी देतात आणि पुढे हात आखडतो. मग नियम बदलावा: प्रत्येक फेरीनंतर कोणी किती दिले हे उघड करावे, आणि ज्याला वाटेल त्याने स्वतःचा एक चिंचोका खर्च करून दुसऱ्याचे तीन खेळाबाहेर काढावेत. अर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर या अर्थशास्त्रज्ञांनी झुरिचमध्ये २४० विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दंडाचा हाच भाव होता. दंड नसताना देणे घटत गेले, दंडाची सोय होताच वाढले. तिथे एकदा गटात आलेली माणसे पुन्हा एकमेकांसमोर येत नव्हती, म्हणजे दंड करणाऱ्याला पुढे काही लाभ मिळणार नव्हता; तरीही त्याने पदरमोड केली. आपल्या गावात मात्र दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर भेटायचे असते. म्हणून दंडाच्या फेऱ्या दोनच ठेवाव्यात आणि कोणाचा आवाज चढला तर तिथेच थांबावे.

शेवटच्या फेऱ्यांत दंड काढून घ्यावा आणि मडक्यात हात घालण्यापूर्वी गटाला पाच मिनिटे आपसांत बोलू द्यावे. सामायिक साधनसंपत्तीच्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत दाखवून दिले आहे की नुसत्या समोरासमोरच्या बोलण्यानेही सहकार्य वाढते. या पाच मिनिटांत लोक जे शब्द वापरतात ते कोणीतरी जसेच्या तसे लिहून घ्यावेत: ‘लाज’, ‘शब्द दिला’, ‘लोक काय म्हणतील’.

आता डार्विन वाचावा. त्याचे म्हणणे असे की कळपात राहण्याची ओढ असलेल्या कोणत्याही प्राण्याची बुद्धी माणसाइतकी वाढली, तर त्याच्यात सदसद्विवेक उपजल्याशिवाय राहणार नाही. कारण त्याला आपली मागची कृती आठवते, तिची टोचणी लागते आणि सोबत्यांची स्तुती-निंदा त्याला वळण लावते. लिहून घेतलेले शब्द या परिच्छेदाशेजारी ठेवले की मंडळी स्वतःच बोलू लागतात.

याच ग्रंथात आदिवासी समाजांबद्दल त्या काळच्या युरोपीय पूर्वग्रहाची वाक्ये आहेत. ती गाळू नयेत. बैठकीत गोंड बांधव असतील तेव्हा तर नाहीच. ती वाचून, हे चूक आहे, असे स्पष्ट सांगावे आणि जिथे तो सहानुभूतीची कक्षा आपल्या जमातीपलीकडे सर्व माणसांपर्यंत वाढवायला सांगतो, ते पानही लगेच वाचावे.

कोणीतरी नक्की म्हणेल, “माणूस असाच असते, काय करता!” तेव्हा फळ्यावर ‘असते’ आणि ‘असावे’ असे दोन रकाने आखावेत आणि प्रत्येक विधान कोणत्या रकान्यात बसते ते बोलणाऱ्यालाच ठरवू द्यावे. या कामाला वेळ लागतो आणि तो द्यावा. निसर्गात जे आढळते ते योग्यच असते, हा समज एका संध्याकाळी जात नाही.

दुसऱ्या बैठकीत चिंचोके आणू नयेत. मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आलेल्या आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावाचा नकाशा फळ्यावर काढावा: पाळ, तुडूम (पाणी सोडण्याचे दार), नहर आणि शेवटची बांधी. गाळ काढायला कोण येते, पाणी कोण अडवते आणि यातले काय इतरांना दिसते, हे प्रत्येक जागी खडूने लिहावे. जिथे काहीच दिसत नाही, तिथे फडक्याची खूण करावी.