जुन्या विमानतळांचा इतिहास नोंदवताय? या चुका टाळा

बंद पडलेल्या विमानतळाचा शोध घेताना सगळ्यात जास्त फसवतं ते नाव. इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीच्या जुन्या वेळापत्रकात कराचीहून कलकत्त्याकडे जाताना राजसमंदनंतर ‘ग्वाल्हेर, माधो सागर’ असा थांबा येतो. माधव सागर म्हटलं की ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आम्हा लोकांना शिवपुरीचा तलाव आठवतो. मीही तेच धरून चाललो, शंभरावर किलोमीटर जाऊन काठाचे फोटो काढले, नकाशावर खूण केली. साफ चुकलो होतो. तो माधो सागर म्हणजे ग्वाल्हेरजवळच्या आपल्या तिघऱ्याचा जलाशय. सांक नदीवरचं हे धरण 1917 साली फुटलं होतं, नंतर पुन्हा बांधलं. 1930 च्या दशकाच्या अखेरीस एम्पायर फ्लाइंग बोटी, म्हणजे बोटीसारख्या बुडाची विमानं, तिथे पाण्यावरच उतरत. म्हणून उपग्रहाच्या चित्रात धावपट्टी शोधत बसू नका, ती कधी नव्हतीच. माझी खूण मी पुसेपर्यंत दुसऱ्या दोघांनी ती उतरवून घेतली होती, याची रुखरुख अजून आहे.

तिघऱ्याचा जुना फोटो जुळवायचा तर आधी महिना विचारा. वैशाखात पाणी कुठल्या कुठे मागे सरतं आणि भाद्रपदात त्याच दगडांवरून वाहतं. काठाची रेघ जुळली नाही म्हणून फोटो खोटा ठरवू नये.

खूण भलतीकडे पडतेय? अक्षांश-रेखांश तपासा. ग्वाल्हेरचा महाराजपुऱ्याचा विमानतळ साधारण 26 अंश 17 मिनिटं उत्तर, 78 अंश 13 मिनिटं पूर्वेला आहे. हेच 26.17 आणि 78.13 असं भरलं तर खूण सुमारे 15 किलोमीटर नैऋत्येला जाते, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मिनिटांना 60 ने भागा: 26.28 आणि 78.22. (महाराजपुऱ्याला हवाई दलाचा तळ आजही चालू आहे, तिथे कॅमेरा काढू नका.)

लांबीचंही तसंच. युद्धकाळातल्या ब्रिटिश कागदांत धावपट्टी बहुधा यार्डात असते. 2000 यार्ड म्हणजे जवळपास 1830 मीटर, फूट समजून वाचलं तर जेमतेम 610.

‘विमानतळ कधी सुरू झाला?’ याला एकच साल देऊ नका. इंदूरला होळकर संस्थानाने बिजासनची जागा 1935 मध्ये निवडली, विमानसेवा मात्र 1948 ची. दोन्ही सालं लिहा आणि कुठलं साल कशाचं तेही लिहा.

आणि म्हाताऱ्या माणसांना विचारताना उत्तर तोंडात देऊ नका. शेजारच्या आजोबांना मी “तिघऱ्यावर विमान उतरायचं ना?” असं विचारलं, ते “हो” म्हणाले आणि विषय संपला. महिन्याभराने नुसतं “लहानपणी तिघऱ्याला गेला होतात का, आजोबा?” एवढंच म्हटलं. मग ते तासभर बोलले: वडिलांबरोबर टांग्याने निघालेले, आधी घरघर ऐकू आली, मग पाण्यावर पांढरा पट्टा उठला. ते बोलणं मी त्यांच्याच शब्दांत, तारखेसह उतरवून ठेवलं आहे.